बारा मिनिटं राहिलेला पिक्चर

सगळ्यांना जय भीम, नमस्कार, सलाम.

मागच्या आठवड्यात इथं ग्रुपवर एका ताईंनी विचारलं होतं, ते संथ भुताचे पिक्चर लोक बघतात तरी कशाला? दोन-दोन तास नुसतं धुकं, जिना, अर्धवट उघडं दार... आणि शेवटी कुणाची तरी सावली. त्यावर बरीच थट्टा झाली. एका दादांनी लिहिलं, आम्ही तर पहिल्या दहा मिनिटांत घोरायला लागतो. मीही वाचून हसले. मग वाटलं, आपण लिहावं. कारण असा एक पिक्चर मी नऊ दिवस पुरवून पुरवून बघितला, आणि त्याची शेवटची बारा मिनिटं अजून बघायची राहिलीत. का राहिलीत ते सांगते. थोडं लांबेल... मला आटोपशीर लिहिता येत नाही.

आधी एक सांगते, माझा या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आणि हे मी चारचौघांसारखं तोंडदेखलं म्हणत नाहीये. आमच्या घरात भूत, करणी, बाहेरचं हे शब्द काढायची सोयच नव्हती. माझे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात, गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. वडीगोद्रीहून शहागडकडं जाताना रस्त्याला एक चिंच होती, तिच्याखाली दुपारी बाराला कुणी थांबायचं नाही असं लोक म्हणायचे. मामांनी चौथीचा अख्खा वर्ग भर बाराला त्या चिंचेखाली नेऊन बसवला आणि पाढे म्हणून घेतले. पोरांनी चिंचा खाल्ल्या आणि घरी आली, बस. पुढं त्या चिंचेखाली रसवंती लागली. मामांचं एकच म्हणणं असायचं, "आधी साधं कारण शोधायचं. सापडलं न्हाई तर अजून शोधायचं." त्यामुळं हे लिहिताना मला थोडी लाज वाटतेय. ते असते तर चष्म्यावरून नुसतं बघितलं असतं माझ्याकडं.

आमचं घर वडीगोद्रीत, हायवेच्या मागच्या गल्लीत. ट्रकचे हॉर्न दिवसभर, त्याची सवय झालेली. समोर एक खोली, मागं स्वयंपाकघर, त्यामागं धुण्याची जागा. प्रज्ञाचे पप्पा जालन्याला सळईच्या कारखान्यात आहेत, तिथंच खोली करून राहतात, शनिवारी संध्याकाळी येतात. आमची लेक प्रज्ञा संभाजीनगरला होस्टेलवर. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस घरात आम्ही दोघंच, मी आणि मामा. मी घरीच ब्लाउज शिवते.

मामा निवृत्त झाल्यावरही घरात बसणारे नव्हते. रोज दुपारी तीनच्या पुढं वाचनालयात जायचे. दारात चपला घालून आत तोंड करून म्हणायचे, "वंदना, येतो गं." मी मशीनवरून म्हणायची, "या मामा." आपल्याकडं निघताना 'जातो' म्हणत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. जाणारा 'येतो' म्हणतो आणि घरातला 'या' म्हणतो. वीस वर्षं हे आमचं रोजचं. मान वर करून मी कधी म्हटलं असेल असं नाही. मशीन चालू असायची.

दीड वर्षापूर्वी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. सगळं गेलं असतं तरी समजून घेतलं असतं, पण एक शब्द तेवढा राहिला... 'या'. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, आयुष्यभर तोंडात बसलेला एखादा शब्द उरतो. भूक लागली की 'या'. चादर ओली झाली की 'या'. राग आला की 'या या या' आणि डाव्या हातानं कॉटवर थापा. हळूहळू मला त्यातले प्रकार कळायला लागले. पण त्या शब्दाला खरा अर्थ दिवसातून एकदाच मिळायचा. कुणी भेटायला आलं आणि उठताना म्हणालं, "गुरुजी, येतो," की मामा डावा हात वर करून अगदी बरोबर म्हणायचे, "या." माणसं बाहेर जाऊन डोळे पुसायची.

मला मात्र 'वंदना' ऐकायचं होतं. खोटं कशाला सांगू, दीड वर्ष त्यांचं सगळं करताना मनात तेवढं एकच होतं. चांगलं करतेस म्हणू नका, आशीर्वाद देऊ नका, एकदा नावानं हाक मारा. रोज सकाळी तोंड पुसताना मी म्हणायची, "मामा, म्हणा... वंदना." ते माझ्या ओठांकडं बघायचे, जोर लावायचे, कपाळावर शीर उठायची, आणि यायचं ते 'या'च. मग आम्ही दोघंही दुसरीकडं बघायचो.

आता पिक्चरचं सांगते.

प्रज्ञानं जानेवारीत घरी आल्यावर माझ्या मोबाईलमध्ये एक पिक्चर टाकून दिला. "मम्मी, बघ. घाबरायचं न्हाई, नुसतं बघत राहायचं." कुठल्याशा थंड देशातलं घर. एक बाई आपल्या म्हाताऱ्या आत्याला सांभाळत असते. भाषा कळत नाही, खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती मी थांबवून थांबवून वाचायची. त्या घरात एक लांब बोळ आहे आणि बोळाच्या टोकाला एक दार. ते नेहमी वीतभर उघडं. बाई भांडी घासते, चादरी वाळत घालते, आत्याला भरवते, आणि मधूनच ते दार दिसतं. काही होत नाही. पाऊण तास झाला तरी काही होत नाही! एकदा मला वाटलं दार हललं, म्हणून मागं नेऊन परत बघितलं. हललं नव्हतं.

त्या ताईंना माझं उत्तर हे आहे. आमच्या घरात दीड वर्ष तेच चाललं होतं. काहीतरी होणार हे सगळ्यांना ठाऊक, कधी ते कुणालाच नाही, आणि तोवर भांडी, चादरी, औषधं. येणारा-जाणारा विचारायचा, "कसं काय, फरक हाय का?" आणि मला सांगायला काही नसायचं. त्या पिक्चरवाल्यांनी पहिल्यांदा ह्या नुसत्या वाट बघण्याकडं मन लावून बघितलं. भर्रकन पुढं नेलं नाही. तो बघताना मला भीती कमी आणि विसावा जास्त वाटायचा.

रोज दुपारी अडीचला मामा झोपले की मी दोन्ही खोल्यांमधल्या उंबऱ्यावर बसायची, चौकटीला पाठ टेकून. तिथंच चार्जिंगचा बोर्ड आहे. उजव्या कानात इअरफोन, डावा कान मामांसाठी मोकळा. मोबाईलवरून नजर वर केली की मामांची कॉट आणि कॉटजवळची प्लास्टिकची खुर्ची दिसायची. दहा-पंधरा मिनिटं बघायचं, मग कामाला.

चौथ्या दिवशी माझं चुकलं. त्या दिवशी सकाळपासून तिसऱ्यांदा चादर बदलायची वेळ आली, कंबर धरलेली, आणि त्यात ह्यांचा फोन आला की या शनिवारी यायला जमत नाही. फोन ठेवला आणि मामांच्या कॉटजवळ उभी राहूनच मी मोठ्यानं बोलले, "आता सुटावं एकदा. त्यांनी बी आन म्या बी." मला वाटलं ते झोपलेत. बघितलं तर डोळे उघडे. माझ्याकडं बघून अगदी हळू म्हणाले, "या."

त्याला काय अर्थ होता ते मला आजही माहीत नाही. मी त्यांचे पाय धरले. चादर बदलली आणि धुवायला मागं गेले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाचव्या, मी उंबऱ्यावर बसलेली असताना डाव्या कानाला मामांचा 'या' ऐकू आला. भुकेचा नाही, चादरीचा नाही. पाहुणा निघाल्यावरचा. बघितलं तर डावा हात वर, नजर दाराकडं. दारात कुणी नाही. मला वाटलं स्वप्न पडलं असेल. सहाव्या दिवशी पुन्हा तेच, तीन वाजून गेल्यावर. त्याच्या आधी बराच वेळ मामा जागे होते आणि खुर्चीकडं बघून मान हलवत होते... समोरच्याचं ऐकताना हलवतो तशी. मी इअरफोन काढून ऐकलं. ट्रक, पंख्याची घरघर, दुसरं काही नाही. मग हात वर आणि "या."

"कोण आल्तं मामा?" मी विचारलं. ते अर्ध्या तोंडानं हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा हसले.

साधं कारण शोधायचं. मी शोधलं. मेंदूला मार बसलाय, काहीतरी दिसत असेल. सातव्या दिवशी मी त्या खुर्चीवर धुतलेल्या चादरींचा ढीग ठेवला, म्हटलं बघू. मामांनी तीन वाजता असा काही आरडाओरडा केला... "या या या" आणि थापा... की मला चादरी उचलाव्या लागल्या. खुर्ची मोकळी झाली तसे शांत झाले. एवढंच काय, मला हातानं खूण केली की खुर्ची जरा जवळ सरकव. मी सरकवली. खरं सांगते, त्या वेळी भीतीबिती काही वाटली नाही. वाद घालायची ताकद नव्हती एवढंच.

आठव्या दिवशी दुपारी शमीमभाभी ब्लाउज न्यायला आल्या. समोरच्याच घरात राहतात. त्या चिंचेखाली बसवलेल्या वर्गातल्या त्या एक. दारातूनच रागावून बोलल्या, "वंदना, बिलकुल गैर हाय तुझं. गुरुजी बोलायला लागले आन मला सांगितलं न्हाई?"

"कुटं बोलाय लागले भाभी? तेवढंच एक या."

"मंग मी दोन दिसांपासून काय ऐकून राह्यले? आत्ता मिरच्या निवडून राह्यलते दारात बसून. शाळेत बोलायचे तसे बोलत व्हते, सावकाश, बराबर तसंच. मला वाटलं कुनी भेटाया आलंय."

"पिक्चरचा आवाज असंल माझ्या."

"तुझा पिक्चर मराठीत हाय का?"

इअरफोन तर कानातच होता. भाभी मामांकडं बघत जरा वेळ उभ्या राहिल्या, मग ब्लाउज न घेताच गेल्या. ज्या गुरुजींनी चौथीत शिकवलं, त्यांचा आवाज ओळखायला भाभी कशा चुकतील, हे माझ्या डोक्यातून जाईना. आणि मला का ऐकू येत नव्हता? मी तर मामांपासून दहा फुटांवर होते. मला वाईट वाटलं. भीतीपेक्षा वाईटच जास्त वाटलं.

नववा दिवस. फेब्रुवारी संपत आलेला, ऊन तापायला लागलेलं. बाराला मामांना मऊ खिचडी भरवली. चार घास खाऊन तोंड फिरवलं. तोंड पुसून नेहमीसारखं म्हटलं, "म्हणा... वंदना." त्या दिवशी त्यांनी जोर लावला नाही. नुसतं बघितलं माझ्याकडं, बराच वेळ. पांघरूण नीट केलं, ते खिडकीकडं तोंड करून झोपले आणि मी मागं धुणं धुवायला गेले. अडीचला हात पुसत आले, उंबऱ्यावर बसले. मामा गाढ झोपलेले दिसले. मला बरं वाटलं की आज तरी पिक्चर मन लावून बघता येईल.

पिक्चर शेवटाला आला होता. ती बाई पहिल्यांदाच खुर्चीतून उठते आणि बोळातून त्या दाराकडं चालायला लागते. इतके दिवस जे दार नुसतं लांबून दाखवलं ते आता हळूहळू मोठं होत जातं. माझे डोळे स्क्रीनवरून हलेनात. तीन वाजून गेले असतील. आणि डाव्या कानाला आवाज आला,

"वंदना, येतो गं."

आणि मी मान वर न करता म्हटलं, "या मामा."

पिक्चर चालूच होता. ती बाई अजून दोन पावलं चालली. मग अंगठ्यानं पिक्चर थांबवला एवढं आठवतं... खाली दिसत होतं, बारा मिनिटं बाकी. वर बघितलं. दाराचा पडदा सरळ लोंबत होता. खुर्ची रिकामी. मामा खिडकीकडं तोंड करून, बाराला घातलेलं पांघरूण जसंच्या तसं. मी जाऊन हात लावला. हात गार होता.

मी ओरडले. शमीमभाभी धावत आल्या आणि पडदा बाजूला सारून त्यांचा पहिला प्रश्न होता, "गुरुजी कुटं निघाल्ते?" मग त्यांनी कॉटकडं बघितलं आणि खाली बसल्या.

चारला गावातले डॉक्टर आले. त्यांनी मान, जबडा बघितला. म्हणाले, "ताई, जाऊन तीन तास तरी झालेत. झोपेतच गेले असतील, तुमच्या लक्षात आलं नसेल." तीन तास. म्हणजे मी मागं चादरी पिळत होते तेव्हा. म्हणजे अडीचपासून मी उंबऱ्यावर बसून ज्या गोष्टीची पिक्चरमध्ये वाट बघत होते, ती माझ्या पाठीमागं कधीच होऊन गेली होती, आवाज न करता. आणि तरी तीननंतर मला हाक आली.

रात्री हे जालन्याहून आल्यावर त्यांनी विचारलं, "अण्णा शेवटी काय बोलले का?" हे मामांना अण्णा म्हणायचे. मी म्हटलं, "न्हाई." दुसरं काय सांगणार? मामांसारख्या माणसाच्या घरात, त्यांच्याच कॉटजवळ, असलं काही सांगायचं? प्रज्ञाला मात्र नंतर सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, अति थकव्यानं मेंदू असं करतो. तुला जे ऐकायचं होतं तेच ऐकू आलं." असेलही. साधं कारण आहे, मामांना पटलं असतं. फक्त शमीमभाभी थकलेल्या नव्हत्या. त्यांना कुणाचं नाव ऐकायचं नव्हतं.

भाभींशी त्यावर एकदाच बोलणं झालं. मामांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर भांडी आवरताना त्या हळूच म्हणाल्या, "तू या म्हटलं ना त्यांना?"

"म्हटलं. पन वर बघितलं न्हाई भाभी."

"म्हटलं ना? मंग झालं. आपन रोज कुटं बघतो वर." आणि पातेलं घासायला लागल्या.

त्या बोलण्यानं मला जितकं रडू आलं तितकं मामा गेले त्या दिवशीही आलं नव्हतं. माझ्या त्या 'सुटावं एकदा'चं ओझं कमी झालं का? थोडं झालं. ज्या सुरात त्यांनी 'येतो गं' म्हटलं, त्यात राग नव्हता, दुखणं नव्हतं. वाचनालयात निघाल्यासारखं होतं, अगदी रोजचं. पण मी बोलले ते त्यांनी ऐकलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्चीवर कुणीतरी यायला लागलं, हेही खरंच. कोण यायचं? त्यांच्याच आवाजात त्यांच्याशी कोण बोलायचं? मला खरोखर माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला साधं कारण सापडलं तर सांगा, मी मनापासून ऐकीन.

आता राहिली ती बारा मिनिटं. तुम्ही म्हणाल, भीतीपोटी बघत नाही. तसं नाही. मी रोज दुपारी तीनच्या सुमाराला त्याच उंबऱ्यावर बसते. मोबाईल हातात, बाई बोळात उभी, दार समोर, मी बटण दाबत नाही. पिक्चर संपला तर तिथं बसायला मला काही निमित्त उरणार नाही. कॉट दिली एकाला, खुर्ची तिथंच आहे. मशीन बंद ठेवते तेवढा वेळ, दोन्ही कान मोकळे ठेवते. 'येतो' म्हणून गेलेत, आणि मी 'या' म्हटलंय.

पुन्हा हाक आली, तर आधी मान वर करीन. मग 'या' म्हणीन.